साडेसात किलोमीटर उंचीवरचा ‘वा’

टाकीत सहा खुर्च्या होत्या, तीन इकडे, तीन तिकडे, समोरासमोर. सहा मास्क, सहा नळ्या, मांडीवर घ्यायच्या, कागद लावलेल्या सहा पाट्या आणि प्रत्येक पाटीला दोरीने बांधलेली एकेक पेन्सिल. पोलादी भिंतीत दोन गोल खिडक्या, काच दोन बोटं जाड. दार एकच. छताला एक रबरी हातमोजा टांगलेला होता, मनगटाशी गाठ मारलेला. आत जेमतेम चिमूटभर हवा, त्यामुळे त्याची बोटं मरगळून लोंबत होती. माणसं पाच. त्यांपैकी एक डॉक्टर, जो रोजच इथे बसायचा. उरलेल्या चौघांत तिघं घाबरलेली होती आणि चौथी भिंगरी होती.

भिंगरीच्या घरात घाबरायची पद्धत नव्हती. तिथे पद्धत होती ती ‘वा’ म्हणायची, आणि तेही स्वतःलाच. आईचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं. काज पूर्ण झालं की ती सुई खाली ठेवायची, कापड उजेडात धरायची आणि म्हणायची, “वा.” मामा नोकरीभर मालवाहू विमानांवर दिशादर्शक होता. निवृत्त झाल्यावर तो बहिणीच्याच घरी राहायला आला आणि आता स्वतःच्या हातच्या चहाचा पहिला घोट घेऊनसुद्धा “वा” म्हणायचा. कोणी हसलं तर त्याचं उत्तर ठरलेलं असे, “आपली पाठ आपणच थोपटावी. दुसऱ्याचा हात तिथवर पोचतो कुठे?” लहानपणी एका जागी बसत नाही म्हणून पोरीचं नाव भिंगरी पडलं. त्याचाही घरात अभिमानच होता.

या टाकीत मामा तिच्या वयाचा असताना बसून गेला होता. टाकीतली हवा पंपाने उपसतात, इतकी की आत बसल्या जागी माणूस साडेसात किलोमीटर उंचीवर जातो. मग मास्क काढायला सांगतात. मामा मास्कशिवाय चार मिनिटं चाळीस सेकंद टिकला होता आणि हे घरात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, गॅसची शेगडी दुरुस्त करायला येणाऱ्यालासुद्धा.

भिंगरी टिकून दाखवायला आली नव्हती. तिला उडायचं होतं. डोंगरमाथ्यावर किती बर्फ साठलाय हे विमानातून मोजणारी एक पेटी होती. तिचे अँटेना, तिच्या तारा, तिचे सगळे रुसवे-फुगवे भिंगरीला पाठ होते. दोन हिवाळे तिने त्या पेटीवर घालवले होते. पेटीला खाली बघता यावं म्हणून विमानाच्या पोटाला भोक पाडलेलं होतं, त्यामुळे केबिनमध्ये हवेचा दाब धरता येत नव्हता. वर जाणाऱ्याने मास्क लावूनच बसायचं. आणि मास्कची नळी कधी वाकते, कधी गोठते, कधी नुसतीच सटकते. तेव्हा ज्याला स्वतःचं बिघडलेलं कळत नाही, त्याला वर नेत नाहीत. या परीक्षेत पास झाली तर पेटीसमोरची खुर्ची तिची. नाही झाली तर पेटी वर जाणार, तिच्यासमोर दुसरंच कोणी बसणार आणि भिंगरी खाली टेबलाशी बसून आकडे उतरवून घेणार.

टाकी ज्यांच्या ताब्यात होती त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. बाई बाहेर खिडकीशी उभ्या राहायच्या आणि माइकवरून बोलायच्या.

“कुणाची छाती केवढी मोठी, हे मी इथे मोजत नाही,” त्या म्हणाल्या. “पातळ हवेत प्रत्येकाचं काहीतरी एक आधी बिघडतं. कुणाची बोटं, कुणाची नजर, कुणाचा स्वभाव. आपलं काय बिघडतं ते ओळखायचं आणि ओळखल्याबरोबर मास्क स्वतःच्या हाताने चढवायचा. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा तुमच्या जोडीदाराला दिसेल, तुम्हाला नाही. तो पासष्टच्या खाली गेला तर जोडीदार मास्क चढवेल, आणि मग तुम्ही नापास. संधी दोन.”

मग त्यांनी विचारलं, “काल कोणी वाटाणे नाहीतर कोबी खाल्लाय?”

चौघांतल्या मेकॅनिकने हळूच हात वर केला.

“त्या मोज्याकडे लक्ष ठेवा. त्याचं जे होईल तेच तुमच्या पोटाचं होणार. आत सगळ्यांना सगळं माफ असतं, फक्त कोणी दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नाही.”

दार बंद झालं. आधी बराच वेळ मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन ओढायचा होता, रक्तातला नायट्रोजन निघून जावा म्हणून. मग पंप घरघरायला लागले. कान दडपले, गिळले की मोकळे झाले. छताचा मोजा जागा झाला, एकेक बोट ताठ करत फुगला आणि शेवटी हात वर करून उभ्या असलेल्या पोलिसासारखा दिसायला लागला. मेकॅनिकने खुर्चीतल्या खुर्चीत जागा बदलली. कोणी बोट दाखवलं नाही.

भिंगरीची जोडीदार डोंगरी बचाव पथकातली नर्स होती, सगळ्यांची सिस्टर. आधी सिस्टरने मास्क काढला, पाटीवर लिहिलं, आणि बघता बघता परत चढवलासुद्धा. मग भिंगरीची पाळी आली. काम सोपं होतं. हजारातून सात वजा करत जायचं आणि प्रत्येक उत्तराशेजारी पेन्सिल न उचलता एक चांदणी काढायची.

तिने मास्क काढला. नऊशे त्र्याण्णव, चांदणी. नऊशे शहाऐंशी, चांदणी. श्वास भराभर येत होता, पण हे तिने वाचलेलंच होतं. नऊशे एकोणऐंशी. काम सुरळीत चाललं होतं. उलट इतकं चांगलं तिचं कधीच काही चाललं नव्हतं. आणि मग एकदम सिस्टरचा चेहरा अगदी जवळ आला आणि तोंडावर रबराचा वास.

“काय झालं?” तिने मास्कमधूनच विचारलं. “माझं तर चाललं होतं.”

सिस्टरने पाटी तिच्यासमोर धरली. नऊशे एक्कावन्नपर्यंत सगळं बरोबर होतं. त्याखाली पुन्हा नऊशे एक्कावन्न, त्याखाली पुन्हा नऊशे एक्कावन्न, मग नुसतेच सात, सात, सात. चांदण्यांची जाळी झाली होती. शेवटी पेन्सिलीची एक रेघ कागदावरून उतरून थेट तिच्या पँटवर गेली होती.

बाहेर आल्यावर बाईंनी प्रत्येकाला विचारलं. सिस्टरच्या जिभेच्या शेंड्याला मुंग्या आल्या होत्या. विमानातून फोटो काढणाऱ्या कॅमेरावाल्याची मान तापली होती. मेकॅनिकला हसू फुटलं होतं, “आणि हसण्यासारखं काही नव्हतं हो, समोर डॉक्टर बसले होते.” तिघांनीही मास्क स्वतःच चढवला होता.

“तुम्हाला काय झालं?” बाईंनी भिंगरीला विचारलं.

“काहीच नाही.”

“काहीच न होणारा माणूस या खुर्चीत अजून बसलेला नाही. काय होतं ते शोधा. परवा दुसरी संधी.” आणि त्यांनी तिच्या हातात चित्रीकरणाचा पेन ड्राइव्ह ठेवला.

घरी मामा दारातच उभा होता.

“किती?”

“नापास.”

“ते विचारलं का मी? टिकलीस किती?”

“चार मिनिटं बावन्न सेकंद.”

मामाने मनातल्या मनात वजाबाकी केली. साडेसात किलोमीटरवर नव्हता, त्यामुळे ती बरोबर आली. “बारा सेकंद जास्त,” तो म्हणाला आणि आत वळून ओरडला, “अगं ऐकलंस का? पोरीने मला मागे टाकलं. बारा सेकंदांनी!”

“मामा, मी नापास झालेय.”

“ते कागदावर. फुप्फुसांनी पास आहेस.”

आईने शिलाई मशीन थांबवलं. “दादा, तिचं तोंड बघ आधी. तुझी फुप्फुसं मग बघू.”

दुकानाच्या कापायच्या टेबलावर कापडाचे तुकडे बाजूला सारून भिंगरीने लॅपटॉप उघडला. मामा एका बाजूला, आई दुसऱ्या. पडद्याच्या कोपऱ्यात सिस्टरला दिसत होता तो आकडा दिसत होता. शंभरावरून निघालेला, जिना उतरावा तसा उतरत चाललेला. पडद्यावरची भिंगरी लिहीत होती. बोटं थरथरत नव्हती, मान तापल्यासारखी दिसत नव्हती. तिने तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा तिला एक शहाणी, गुणी मुलगी शांतपणे वजाबाकी करताना दिसली. मग ती मुलगी हळूहळू मातीच्या ढेकळासारखी विरघळत गेली. मधलं काहीच सापडत नव्हतं.

चौथ्या वेळी मामाने चहा आणला. घोट घेतला आणि म्हणाला, “वा.”

पण आवाज दोन आले.

भिंगरीने चित्र मागे नेलं. “मामा, तू आत्ता काही बोलू नकोस.”

“मी कुठे काय बोलतोय?”

नऊशे एक्कावन्न, चांदणी. पडद्यावरच्या भिंगरीने पेन्सिल जराशी मागे घेतली, मान तिरकी केली, चांदणीकडे पाहिलं आणि म्हणाली, “वा.” आकडा एकोणऐंशी. त्यानंतर एकही उत्तर बरोबर नव्हतं.

तिघांनीही हे तीन वेळा पाहिलं होतं आणि तिघांनाही ऐकू आलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक घरच्यांना ऐकू येत नाही, तसंच. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या माणसाने पहिल्याच फेरीत विचारलं असतं, की ही मुलगी वजाबाकीला दाद का देतेय?

“त्यात काय एवढं?” आई म्हणाली. “चांदणी चांगली आली असेल.”

“तेच बघायचंय. चांदणी चांगली आली की मी एरवीही वा म्हणते का?”

तिने कोरे कागद घेतले. आईच्या हातात घड्याळ दिलं. मामाला सांगितलं की तोंड मिटून बसायचं, नाहीतर प्रयोग बिघडेल. हजारातून सात, चांदणी. पुन्हा सात, चांदणी. पहिला कागद भरला. दुसरा भरला. दुसऱ्या कागदाच्या मध्यावर मामा पुटपुटला, “वा, काय वळण आहे,” आणि तो कागद बाद करावा लागला. तिसऱ्या कागदावर भिंगरीला जांभई आली. चौथ्यावर तिने मान खाजवली, दुकानासमोरून कोण गेलं ते पाहिलं आणि मनात म्हणाली, कधी संपणार हे. सगळी उत्तरं बरोबर होती, चांदण्या तिथल्यापेक्षा चांगल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघून तिला काडीचाही आनंद होत नव्हता.

“जमिनीवर वजाबाकी कंटाळवाणी आहे,” तिने निष्कर्ष काढला. “वर ती मला आवडायला लागते. म्हणजे माझं आधी बिघडतं ते हे. सिस्टरची जीभ, कॅमेरावाल्याची मान, माझा हा ‘वा’.”

मामाने कप खाली ठेवला. “म्हणजे अभिमान हा आता आजार झाला?”

“चहा पिताना नाही, मामा. वजाबाकी करताना.”

आई एवढी हसली की तिच्या तोंडातल्या टाचण्या पडल्या. टाचण्या वेचताना मात्र तिने वर बघून विचारलं, “आणि समजा, खरंच काही चांगलं जमलं? खरंच वा म्हणण्यासारखं? तेव्हा गं?”

भिंगरीने थोडा विचार केला. “तेव्हाही मास्क.”

“कठीण आहे,” आई म्हणाली. घरातल्या कोणालाच हे सोपं गेलं नसतं.

मामाला काही पटलं नव्हतं. “तुझं ते शास्त्र ठेव तुझ्यापाशी. परवा मी येणार आहे. जुन्या माणसांना खिडकीशी उभं राहू देतात. पाच मिनिटं दाखव मला. तिथल्या पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय मी.”

“काय सांगितलंस?”

“की माझी भाची पाच मिनिटं दाखवणार आहे.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा खरंच आला. इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. त्याने पहारेकऱ्यालाही खिडकीशी आणून उभं केलं होतं. आत या वेळी तिघंच होते, भिंगरी, सिस्टर आणि डॉक्टर. सिस्टर पास झालेली होती, पण जोडीदार म्हणून आपणहून आली होती.

“जिभेला मुंग्या आल्या तर सांगते,” ती म्हणाली.

“तुमची जीभ काय कामाची मला?”

“तेही खरंच.”

पंप घरघरले. मोजा फुगला. बाईंचा आवाज आला. “या वेळी दोन हजारांतून तेरा. सातचं तुमचं पाठ झालं असेल.”

भिंगरीने मास्क काढला. एकोणीसशे सत्त्याऐंशी, चांदणी. एकोणीसशे चौऱ्याहत्तर, चांदणी. तेराची वजाबाकी सातसारखी जिभेवर नसते, प्रत्येक वेळी डोकं चालवावं लागतं. एकसष्ट. अठ्ठेचाळीस. ती स्वतःवर पाळत ठेवून होती, दुकानात आई लबाड गिऱ्हाइकावर ठेवते तशी. पस्तीस. बावीस. कंटाळा होता का? होता, थोडा. चांगलं लक्षण. एकोणीसशे नऊ, चांदणी.

आता एकोणीसशे नवातून तेरा. शतक ओलांडायचं होतं. पेन्सिल क्षणभरही न अडखळता उतरली: अठराशे शहाण्णव. तिने मनात उलटं करून पाहिलं, शहाण्णव आणि तेरा, एकशे नऊ. बरोबर. एवढ्या उंचीवर, मास्कशिवाय, शतक ओलांडून, अचूक. चांदणीची पाचही टोकं जिथल्या तिथे. तिच्या छातीत काहीतरी ऊबदार पसरलं, आईच्या हातचं काज उजेडात धरल्यासारखं.

आणि पाठोपाठ तिच्या मनात एक वकील उभा राहिला. हे ते नाही, तो म्हणाला. ते खोटं होतं, कारण तिथून पुढे तू चुकलीस. हे उत्तर तर बरोबर आहे, तूच आत्ता ताडून पाहिलंस. आजाऱ्याला ताळा करता येतो का? बरोबर उत्तराचा आनंद झाला तर त्यात बिघाड कसला? खिडकीशी मामा उभा आहे. पहारेकरी उभा आहे. वरचा मोजा बघ, पाचही बोटं उभी करून पाच मिनिटं सांगतोय. अजून एक उत्तर लिही. अठराशे त्र्याऐंशी. ते तुला येतंय.

येतच होतं. तिला आयुष्यात इतकं स्पष्ट काही दिसलं नव्हतं. वकिलाचा एकही मुद्दा खोडता येत नव्हता, आणि खोडता येत नव्हता म्हणून तो तिला फारच हुशार वाटत होता. किती हुशार आहे मी, असं तिच्या मनात आलं. ते वाक्य तिने आतल्या आत ऐकलं.

जन्मात कधी तिने ‘वा’ अर्ध्यावर तोडला नव्हता. तिने पेन्सिल सोडली. पेन्सिल दोरीला लटकली. उजव्या हाताने मास्क तोंडावर दाबला, डाव्याने एक हूक लावला, मग दुसरा, मग बाजूचा खटका पूर्ण ऑक्सिजनवर सरकवला. प्रत्येक हालचाल करताना तिला अगदी मनापासून वाटत होतं की आपण उगाच चांगलं चाललेलं काम बिघडवतोय.

तीन श्वास. चौथ्या श्वासाला टाकीतला दिवा कोणीतरी मोठा केल्यासारखा झाला. समोर सिस्टरचं जाकीट भगभगीत नारिंगी होतं. मघाशी ते राखाडी कधी झालं, हे तिला कळलंच नव्हतं. पाटीवर आठ चांदण्या होत्या. शेवटच्या चांदणीची दोन टोकं जुळली नव्हती आणि एक टोक मुळात नव्हतंच.

सिस्टरने तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

दार उघडायला वेळ लागला, कारण हवा हळूहळूच भरतात. दार उघडलं तेव्हा मामा सगळ्यांत पुढे होता.

“इतक्यात?” तो म्हणाला. “अगं, तुझं तर झकास चाललं होतं. मी काचेतून बघत होतो. हात हललासुद्धा नाही तुझा.”

“मामा, वा आला.”

“आला तर आला. उत्तर चुकलं का?”

“नाही.”

“मग?”

“बरोबर होतं, तरी लावला.”

मामाने तिच्या हातातून कागद घेतला. एकेक उत्तर ओठ हलवत तपासलं. शेवटच्या उत्तराशी तो थांबला आणि त्याने ते दोनदा तपासलं. मग ती वाकडीतिकडी चांदणी डोळ्यांजवळ नेली. या घराण्यात आपल्या बरोबर उत्तराकडे पाठ फिरवणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं. आरशातही नाही. पहारेकरी मागे अवघडून उभा होता. पाच मिनिटांचं काय झालं, हे विचारावं की नाही या पेचात.

मामाने शर्टाची कॉलर नीट केली आणि त्याच्याकडे वळला.

“ही माझी भाची,” तो म्हणाला. “आमच्या अख्ख्या घराण्यात इतक्या लवकर मास्क कोणी लावला नसेल.”

“सगळ्यांत लवकर सिस्टरने लावला, मामा,” भिंगरी म्हणाली.

“तू गप्प बस. सिस्टर आपल्या घराण्यातल्या आहेत का?”

सिस्टर हसायला लागली. मामा पहारेकऱ्याला समजावून सांगायला लागला की उत्तर चुकल्यावर थांबणारे पुष्कळ असतात, तो स्वतःही थांबला असता. पण उत्तर बरोबर असताना थांबायला काय लागतं, याची त्याला कल्पना आहे का? नाही ना? खुद्द मामालाही ती आत्तापर्यंत नव्हती. हे सांगताना त्याचा आवाज चहाच्या पहिल्या घोटाचा होता, फक्त या वेळी चहा दुसऱ्याने केलेला होता. भिंगरी मान खाली घालून बुटांचे बंद बांधत बसली, कारण तिला चेहऱ्यावरचं हसू आवरत नव्हतं. इथे हवा भरपूर होती, त्यामुळे तिने ते आवरायचा फार प्रयत्न केला नाही.

“आकडा काय आला, बाई?” मामाने विचारलं. “तो मला तोंडपाठ करायचाय.”

बाईंनी यंत्रातून निघालेली पट्टी फाडून घेतली, उजेडाकडे धरली आणि वाचली.

उंची साडेसात किलोमीटर. मास्कशिवाय दोन मिनिटे छत्तीस सेकंद. आठ उत्तरे, आठही बरोबर. मास्क स्वतःच्या हाताने. त्या क्षणी रक्तातला ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर टक्के.